बुफेला जाताना आईची गोळी विसरू नका

मागच्या हिवाळ्यात माझ्या भाच्याला हिंजवडीत नोकरी लागली. पहिला पगार झाला तसा तो घरी येऊन म्हणाला, "मावशी, रविवारी आजीला घेऊन चायनीज बुफेला जाऊ. हवं तेवढं खायचं. बिल मी देणार." आजी म्हणजे माझी आई. वय अडुसष्ट. बारा वर्षांपासून बीपी आणि नऊ वर्षांपासून साखर. जिनं सारी उमर मुळशीत दुसऱ्यांच्या खाचरात भाताची आवणी केली, तिला नातवाच्या पैशानं एसीत बसून जेवायचं होतं. तिनं आदल्या रात्रीच साडी काढून ठेवली.

रविवारी सकाळी घरात कुणी चहाशिवाय काही घेतलं नाही. "पोट रिकामं ठेवा, पैसे वसूल झाले पाहिजेत," असं सगळ्यांचं चाललं होतं. मीही हसत होते. आईनं मात्र रोजच्याप्रमाणे सकाळी सात वाजता तिच्या गोळ्या घेतल्या. रस्त्यात गर्दी लागली, हॉटेलात पोहोचायला दीड वाजला आणि आत बसायला आणखी अर्धा तास थांबावं लागलं. खुर्चीवर बसलेल्या आईकडे माझं लक्ष गेलं तर त्या गार हवेत तिच्या कपाळावर आणि ओठांवर घामाचे थेंब. हात धरला तर थरथरतोय. विचारलं तर म्हणाली, "काही नाही गं, बरं आहे."

बरं नव्हतं. तिची साखर उतरली होती. वाढणाऱ्या मुलाला हाक मारली, त्यानं धावत साखर आणून दिली. पाण्यात तीन-चार चमचे विरघळवून पाजली. पंधरा मिनिटांत ती माणसात आली. नंतर मी तिला विचारलं, "आधी का नाही सांगितलंस?" ती म्हणाली, "पोरानं एवढा खर्च केलाय. त्याच्या आनंदात मी कशाला आडवी येऊ?"

मी नर्सिंगचा डिप्लोमा केलेली, कित्येक वर्षं वॉर्डात काढलेली बाई. दुसऱ्यांच्या आयांना "गोळी घेऊन उपाशी राहू नका" असं रोज सांगत होते आणि माझ्याच घरात ते विसरले. वर दुसऱ्या दिवशी सकाळी आईचे पाय सुजलेले आणि बीपी १७०/१००. म्हणजे एकाच जेवणात दोन धक्के बसले, आधी उपाशीपोटाचा आणि मग मिठाचा. आई आता ठीक आहे. पण हे दुसऱ्या घरात होऊ नये म्हणून या वेळचं पान बुफेवर.

हॉटेलात जाऊ नका, असं सांगायला मी बसलेले नाही. माझ्या आजीच्या पिढीला हॉटेलच्या बाहेर उभं राहून, वेगळ्या कपात चहा घ्यावा लागत होता. तिच्या लेकीनं नातवाबरोबर टेबलावर बसून मानानं जेवावं, याच्यासारखी गोष्ट नाही. जायचंच. फक्त जेवून सगळे सुखरूप घरी आले पाहिजेत.

निघण्यापूर्वी: गोळी आणि रिकामं पोट

साखरेच्या सगळ्या गोळ्या सारख्या नसतात. मेटफॉर्मिन एकटी असेल तर ती सहसा साखर फार खाली नेत नाही. पण ग्लिमेपिराइड, ग्लिबेनक्लामाइड, ग्लिक्लाझाइड या गोळ्या शरीरातल्या इन्सुलिनला कामाला लावतात, तुम्ही जेवा किंवा न जेवा. इन्सुलिनचं इंजेक्शनही तसंच. गोळी आत गेली आणि अन्न आलं नाही, की रक्तातली साखर ७० च्या खाली जाते. अनेक गोळ्यांत मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड एकत्र असतात, म्हणून पाकिटावरचं बारीक नाव वाचा. वाचता येत नसेल तर औषध दुकानदाराला किंवा आशाताईला विचारा.

साखर उतरल्याची लक्षणं अशी: अचानक घाम, हाताला थरथर, छातीत धडधड, एकदम भूक, डोळ्यांपुढे अंधारी, विनाकारण चिडचिड, बोलणं अडखळणं. बीपीसाठी अ‍ॅटेनोलॉल किंवा मेटोप्रोलॉल चालू असेल तर धडधड आणि थरथर कळत नाही, पण घाम येतोच. म्हणून घाम हा मोठा इशारा समजा.

अशा वेळी काय करायचं?

- माणूस शुद्धीवर असेल आणि गिळू शकत असेल तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून लगेच द्या. ही साधारण १५ ग्रॅम होते. अर्धा ग्लास साधं कोल्ड्रिंक किंवा फळांचा रसही चालतो. डाएट कोल्ड्रिंक चालत नाही, त्यात साखरच नसते.
- पंधरा मिनिटं थांबा. फरक नाही पडला तर तेवढीच साखर पुन्हा द्या.
- बरं वाटलं की लगेच भात, पोळी असं काहीतरी खायला द्या. या गोळ्यांचा परिणाम बराच वेळ टिकतो, त्यामुळे साखर त्याच दिवशी परत उतरू शकते. त्या रात्री त्या माणसाला एकटं झोपू देऊ नका आणि पुढच्या गोळीबद्दल डॉक्टरांना विचारा.
- माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात पाणी, साखर काहीही घालू नका. ते श्वासनलिकेत जातं. एका कुशीवर वळवा आणि १०८ ला फोन करा.

म्हणून बुफेचा पहिला नियम: साखरेच्या माणसानं सकाळी नेहमीच्या वेळी नेहमीचा नाश्ता करायचा. एक भाकरी, थोडी भाजी, एवढं पुरे. पर्समध्ये साखरेची पुडी ठेवायची. जेवणाला उशीर होणार असेल तर रांगेतच दोन बिस्किटं खायची, लाजायचं नाही. "आज जास्त खाणार आहे म्हणून दोन गोळ्या घेते" असं तर कधीच नाही. गोळी मनानं वाढवायची नाही आणि मनानं टाळायचीही नाही.

हे चायनीज आलं कुठून?

आपण ज्याला चायनीज म्हणतो ते चीनमधल्या माणसाला ओळखू येणार नाही. कोलकात्यात फार पूर्वीपासून चिनी लोकांची वस्ती आहे. त्यातले हक्का समाजाचे लोक टांगरा भागात चामड्याचे कारखाने चालवत, आणि तिथेच त्यांची हॉटेलं सुरू झाली. भारतीय जिभेला तिखट, मसालेदार लागतं म्हणून त्यांनी सोया सॉसला मिरची, लसूण, आल्याची जोड दिली. मंचुरियन तर मुंबईचं. १९७५ मध्ये मुंबईच्या क्रिकेट क्लब ऑफ इंडियात नेल्सन वाँग यांनी चिकनचे तुकडे कॉर्नफ्लॉवरमध्ये घोळवून तळले आणि कांदा, लसूण, हिरवी मिरची, सोया सॉसच्या रश्श्यात टाकले. त्याला मंचुरियन नाव दिलं, असं सांगितलं जातं. शेझवान हे नाव चीनच्या सिचुआन प्रांताचं, पण आपल्याकडची लाल चटणी इथली.

आज भूगाव, पिरंगुट, माण, हिंजवडी, कुठल्याही चौकात संध्याकाळी उभं राहा, मोठी कढई आणि पेटलेली शेगडी दिसेलच. कारखान्यातून, आयटी पार्कातून सुटलेला माणूस तिथे थांबतो. मोठ्या हॉटेलातला बुफे आणि चौकातली गाडी यांत भांडी वेगळी, दर वेगळे, पण पोटात जातं ते बरंचसं एकच: मैदा, पांढरा भात, तेल, कॉर्नफ्लॉवर आणि सॉस. म्हणून पुढचं सगळं गाडीवर खाणाऱ्यांनाही लागू आहे.

खरा गुन्हेगार कोण? अजिनोमोटो की मीठ?

बायका मला विचारतात, "ताई, त्यात अजिनोमोटो असतं म्हणून वाईट ना?" याची गोष्ट समजून घ्या. १९०८ मध्ये जपानचे शास्त्रज्ञ किकुनाए इकेदा यांनी समुद्री शेवाळाच्या सारातून चव वाढवणारा पदार्थ वेगळा काढला. त्याचं नाव मोनोसोडियम ग्लुटामेट. अजिनोमोटो हे त्याच्या एका कंपनीचं नाव. यातलं ग्लुटामेट टोमॅटोत, मशरूममध्ये, चीजमध्ये आपोआपच असतं. १९६८ मध्ये अमेरिकेत एका डॉक्टरनं वैद्यकीय मासिकाला पत्र लिहिलं, की चिनी हॉटेलात जेवल्यावर मान बधिर होते, धडधड होते, आणि याला अजिनोमोटो कारण असेल का? तिथून भीती जगभर पसरली. नंतर खाणाऱ्याला न सांगता दिलेल्या तपासण्यांत तसा ठाम पुरावा मिळाला नाही. उपाशीपोटी फार मोठ्या प्रमाणात घेतलं तर काही लोकांचं थोडा वेळ डोकं दुखू शकतं, एवढंच. ज्याला त्रास होतो त्यानं टाळावं.

पण "आमच्याकडे अजिनोमोटो नाही" अशी पाटी वाचून निर्धास्त होऊ नका. आईचे पाय सुजले ते मिठातल्या सोडियममुळे. जागतिक आरोग्य संघटना सांगते की मोठ्या माणसानं दिवसभरात ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावं. म्हणजे एक छोटा सपाट चमचा, सकाळच्या चहापासून रात्रीच्या भाजीपर्यंत सगळं धरून. त्यात साधारण २००० मिलीग्रॅम सोडियम असतं. आता हिशेब करा. सोया सॉसच्या एका मोठ्या चमच्यात, म्हणजे १५ मिलीत, सुमारे ९०० मिलीग्रॅम सोडियम असतं. एका चमच्यातच दिवसाच्या मर्यादेचा जवळजवळ निम्मा भाग संपला. सुपात सोया सॉस, मंचुरियनच्या रश्श्यात सोया सॉस, नूडल्सवर सोया सॉस, वरून मीठ, चिली सॉस, शेझवान चटणी. अजिनोमोटोतही सोडियम असतं, पण तेवढ्याच वजनाच्या मिठाच्या साधारण एक तृतीयांश.

सोडियम शरीरात पाणी धरून ठेवतं. रक्तवाहिन्यांत पाणी वाढलं की दाब वाढतो. तरुण मूत्रपिंड एक-दोन दिवसांत जास्तीचं मीठ बाहेर टाकतं. बीपी, हृदय किंवा मूत्रपिंडाचा आजार असलेल्या माणसाला ते जमत नाही. मग पाय सुजतात, दम लागतो. जेवल्यानंतर रात्री झोपल्यावर दम लागत असेल, उठून बसावं लागत असेल, छातीत दुखत असेल, तर "गॅस झाला" म्हणून सोडा पिऊन सकाळची वाट बघू नका. लगेच दवाखाना गाठा.

साखर फक्त गोडात नसते

आईनं त्या दिवशी गुलाबजाम आणि आइस्क्रीमला हात लावला नाही. मला अभिमान वाटला. पण नूडल्स मैद्याच्या, फ्राइड राइस पांढऱ्या भाताचा, मंचुरियनवर कॉर्नफ्लॉवरचं आवरण, रस्सा घट्ट करायला पुन्हा कॉर्नफ्लॉवर, आणि आंबट-गोड रश्श्यात चक्क साखर आणि टोमॅटो सॉस. हे सगळं पोटात जाऊन साखरच होतं. त्यामुळे साखरेच्या माणसानं नूडल्स किंवा भात, दोन्हींपैकी एकच घ्यायचं, तेही एक वाटी.

लाल रंगाचं काय?

२०२४ च्या मार्चमध्ये कर्नाटक सरकारनं गोबी मंचुरियनमध्ये कृत्रिम रंग घालायला बंदी केली. तपासलेल्या १७१ नमुन्यांपैकी १०७ मध्ये घातक रंग सापडले होते. त्याच वर्षी गोव्यात म्हापसा नगरपालिकेनं गोबी मंचुरियनच्या गाड्यांवरच बंदी आणली. कारण दिलं होतं कृत्रिम रंग आणि अस्वच्छता. आपल्याकडेही गाडीवर भडक लाल, बोटाला लागला तर साबणानं धुऊनही न निघणारा रंग दिसतो. मिरचीचा रंग तसा नसतो. जे खाल्ल्यावर जीभ लाल होते ते लेकरांना देऊ नका.

तेलाचंही तसंच. पुन्हा पुन्हा तापवलेल्या तेलात घातक घटक तयार होतात. त्यांचं प्रमाण २५ टक्क्यांच्या वर गेलं की ते तेल खाण्यासाठी वापरायचं नाही, असा नियम देशात २०१८ पासून आहे. चौकात उभं राहून आपण प्रयोगशाळा उघडू शकत नाही. पण तेल काळं झालंय, चिकट झालंय, पदार्थ टाकला की फेस येतोय, उग्र वास मारतोय, एवढं डोळ्याला आणि नाकाला कळतं. तसं दिसलं तर पुढे चला.

बुफेतला धोका: कोमट अन्न

गाडीवर अन्न समोर तापून येतं. बुफेत ते मांडून ठेवलेलं असतं. ५ ते ६० अंश सेल्सियस हा जंतूंच्या वाढीचा पट्टा. गरम अन्न ६० अंशांच्या वर राहिलं पाहिजे आणि गार अन्न ५ अंशांच्या खाली. म्हणून बुफेत भांड्याच्या खाली गरम पाणी आणि पेटती डबी ठेवलेली असते. डबी विझलेली असेल, झाकण तासभर उघडंच असेल, तर ते अन्न कोमट होतं. कोमट अन्न दोन तासांपेक्षा जास्त वेळ ठेवू नये, हा आमच्या कामातला साधा नियम.

यात सगळ्यात फसवा पदार्थ म्हणजे फ्राइड राइस. कच्च्या तांदळात बॅसिलस सिरियस नावाच्या जंतूची बीजं असतात. भात शिजवला तरी ती मरत नाहीत. शिजवलेला भात बाहेर पडून राहिला की ती बीजं जागी होतात आणि विष तयार करतात. पुढची गोष्ट नीट लक्षात ठेवा: भात पुन्हा कितीही परतला तरी ते विष जात नाही. १९७१ मध्ये इंग्लंडमध्ये चिनी हॉटेलांतला फ्राइड राइस खाऊन लोकांना उलट्या झाल्या, तेव्हा हा प्रकार उजेडात आला. दाणे सुटे राहावेत म्हणून भात आधीच शिजवून, पसरून ठेवायची पद्धत होती. आपल्या गाड्यांवरही दुपारी शिजवलेला भात रात्री दहापर्यंत पातेल्यात असतो. खाल्ल्यावर एक ते सहा तासांत उलट्या सुरू होतात.

घरीही तेच. भात मोजून शिजवा. उरलाच तर ताटात पातळ पसरून लवकर गार करा आणि फ्रिजमध्ये ठेवा, दुसऱ्याच दिवशी संपवा. फ्रिज नसेल तर उन्हाळ्यात रात्रीचा भात सकाळच्या डब्यात देऊ नका.

उलट्या-जुलाब झालेच तर ओआरएसचं एक पाकीट सांगितलेल्या मापाच्या पाण्यात कालवून घोट-घोट द्या. लहान मूल सुस्त पडलं, लघवी थांबली, शौचातून रक्त आलं, तर घरी थांबायचं नाही. साखरेच्या किंवा बीपीच्या माणसाला उलट्या होत असतील तर त्या दिवशीच्या गोळ्या घ्यायच्या की नाही हे डॉक्टरांना विचारूनच ठरवा.

ताट कसं भरायचं?

हे मी आईबरोबर दुसऱ्या वेळी करून पाहिलं. हो, आम्ही पुन्हा गेलो. भाच्याच्या मनाला पहिला रविवार लागून राहिला होता.

- आधी रिकाम्या हातानं पूर्ण चक्कर मारा. काय काय आहे ते बघा, मग ताट उचला. पहिल्याच टेबलावर ताट भरलं की चांगलं दिसेपर्यंत जागा उरत नाही.
- ज्यातून वाफ येते तेच घ्या. नुकतं आणून ओतलेलं आधी घ्या. तळाला राहिलेलं, साय धरलेलं सोडा.
- अर्ध्या ताटात परतलेल्या भाज्या: कोबी, गाजर, सिमला मिरची, फरसबी. पाव ताटात चिकन, मासे, अंडं, पनीर किंवा टोफू, शक्यतो न तळलेलं. उरलेल्या पाव ताटात भात किंवा नूडल्स.
- फ्राइड राइसऐवजी साधा भात मिळतो का विचारा. असेल तर तोच घ्या. रश्श्यात मीठ असतंच.
- रश्श्यातले तुकडे काढून घ्या, रस्सा भांड्यातच राहू द्या. सूप हवं असेल तर अर्धी वाटी. टेबलावरच्या सोया सॉसच्या आणि चिलीच्या बाटलीला बीपीच्या माणसानं हात लावायचा नाही.
- कोल्ड्रिंकऐवजी पाणी. गोडाऐवजी फळाच्या दोन-तीन फोडी, समोर कापलेल्या असतील तर.
- "कमी मीठ घालून भाजी परतून द्याल का?" असं विचारायला लाजू नका. पैसे आपण मोजलेत. बहुतेक ठिकाणी देतात.
- त्या दिवशी घरच्या दोन्ही जेवणांत लोणचं, पापड, फरसाण बंद. जेवल्यावर वीस मिनिटं सावकाश चाला.

घरी साखर तपासायचं यंत्र असेल तर जेवायला सुरुवात केल्यापासून दोन तासांनी मोजा. दुसऱ्या दिवशी सकाळी बीपी बघा. यंत्र नसेल तर जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा पौडच्या ग्रामीण रुग्णालयात जाऊन तपासून घ्या. तीस वर्षांवरच्या प्रत्येकानं वर्षातून एकदा तरी तपासावं. आपल्या वस्तीत निम्म्या लोकांना "मला काही नाही" असं तपासल्याशिवायच माहीत असतं!

गाडी चालवणाऱ्या आपल्या पोरांसाठी

चायनीजची गाडी हा आपल्या अनेक घरांचा चरितार्थ आहे. मी त्या पोरांच्या पोटावर पाय द्यायला लिहीत नाही. उलट, तुमच्याच गाडीवर वस्तीतली लेकरं जेवतात म्हणून चार गोष्टी सांगते. भात थोडा थोडा, दोन वेळा शिजवा. रंग पूर्ण बंद करा, काश्मिरी मिरचीची पेस्ट वापरा. गिऱ्हाइकाला विचारून मीठ कमी करा. तेल काळं व्हायच्या आत बदला. कच्चं चिकन आणि कापलेली भाजी यांचा सुरा आणि पाट वेगळा ठेवा. हात धुवायला साबण आणि पाण्याचा ड्रम गाडीवर असू द्या. एफएसएसएआयची नोंदणी छोट्या गाडीलाही लागते, ती करून घ्या आणि चौदा आकडी नंबर दिसेल असा लावा. गिऱ्हाइकांनीही तो नंबर बघायची सवय लावावी. हॉटेलच्या बिलावर तो छापलेला असतो.

पैसे वसूल म्हणजे काय?

बुद्धांच्या काळातली कोसलच्या पसेनदी राजाची गोष्ट आपल्यापैकी अनेकांनी विहारात ऐकली असेल. राजा इतका जेवायचा की धापा टाकत बसायचा. बुद्धांनी त्याला उपाशी राहायला सांगितलं नाही. मोजून खाणाऱ्याचं दुखणं कमी होतं, एवढंच समजावलं. राजानं मग एका तरुणाला जेवताना शेजारी उभं राहून ती आठवण करून द्यायचं काम दिलं. हळूहळू त्याचं खाणं कमी झालं आणि अंग हलकं झालं.

आमच्या घरात ते काम आता भाच्याकडे आहे. निघताना तो विचारतो, "आजी, नाश्ता झाला का? साखरेची पुडी घेतली?" आणि आईला आम्ही सगळ्यांनी मिळून एकच सांगितलंय: घाम आला, चक्कर आली, तर सांगायचं. बिल किती का असेना. दुसऱ्या वेळी ती एक ताट जेवली, अर्धं ताट भाजीचं. भाचा म्हणाला, "आजी, एवढंच? पैसे वसूल कसे होणार?" ती म्हणाली, "मी आपल्या पायानं चालत घरी आले ना? झाले वसूल."

येत्या रविवारी तुमच्या घरात कुणी बुफेचा बेत करत असेल, तर घरातल्या म्हाताऱ्या माणसाच्या गोळ्यांचं पाकीट आजच काढून त्यावरचं नाव वाचा.